गडी कसे निवडावे?

आपल्या भिगवणकडे हुतुतूचे गडी वाटतांना समान बळाचीं दोन मुलें बाजूस जाऊन गुप्त नांवें घेतात व म्होरक्यांस "आंबा हवा कीं चिंच?" असें विचारतात. निवड नांवाची होते. म्हणून पक्ष सारखे होतात आणि नावडता असा कोणी ठरत नाहीं.

आतां मोबाइलवरील खेळ पाहा. २०२१ सालीं आलेल्या बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडियांत चौघांचा संघ करितां येतो. गडी कमी पडल्यास यंत्रच अनोळखी जोडीदार जुळवून देतें. परंतु पडलेल्या गड्यास उठवावयास कोण धांवेल, हें यंत्रास कळत नाहीं! तेव्हां वर्गांतील चौघांनीं आधीं कामें वाटून उतरणें मला बरें वाटतें. पालकांनीं मात्र चौथा गडी कोण, एवढें अवश्य विचारावें. खेळतांना त्याचा आवाज थेट मुलाच्या कानांत येत असतो.