किल्ला ह्वासॉंग, गाव सुवॉन

दक्षिण कोरियात, सोलपासून रेल्वेने तासाभरावर, सुवॉन नावाचं शहर आहे. या शहराच्या पोटात जी जुनी तटबंदी आहे, तिचं नाव ह्वासॉंग. आणि सुवॉनला लागूनच ह्वासॉंग नावाचं एक वेगळं शहरही आहे. निघण्यापूर्वी मला एवढं एक कुणी सांगितलं असतं, तर माझ्या आईवर भर दुपारी पायऱ्यांवर बसून राहायची वेळ आली नसती.

ऑगस्टमध्ये आम्ही दोघी गेलो होतो. आईचं वय 67. तरुणपणी तिने रायगड तीनदा पायी चढलेला, त्यामुळे किल्ला म्हटल्यावर माझ्यापेक्षा तिलाच जास्त घाई. खोली शोधताना मी फक्त ‘ह्वासॉंग’ एवढंच टाकलं, बऱ्या भावात जागा मिळाली आणि पैसे भरून टाकले. ती जागा निघाली ह्वासॉंग शहरात. सकाळी दोन बस बदलून, एकदा उलट्या दिशेच्या बसमध्ये बसून, किल्ल्यापाशी पोचेपर्यंत बारा वाजले होते.

नावांचा हा घोळ दोनशे वर्षांहून जुना आहे. जोसोन घराण्याचा 22वा राजा जॉंगजो. त्याचे वडील, युवराज सादो, यांना त्यांच्याच वडिलांनी, म्हणजे राजा योंगजोने, 1762च्या उन्हाळ्यात तांदूळ साठवायच्या लाकडी पेटाऱ्यात कोंडलं. आठ दिवसांनी ते गेले. जॉंगजो तेव्हा नऊ वर्षांचा होता. पुढे राजा झाल्यावर, 1789मध्ये, त्याने वडिलांची समाधी ह्वासान डोंगराच्या पायथ्याशी हलवली. तिथे आधीपासून सुवॉन गाव वसलेलं होतं. ते अख्खं गाव उठवून त्याने आजच्या जागी नव्याने वसवलं आणि 1794 ते 1796 या काळात त्याभोवती ह्वासॉंगचा तट बांधला. म्हणून तट आज सुवॉनमध्ये आहे आणि समाधी ह्वासॉंग शहरात, मध्ये दहाएक किलोमीटरचं अंतर. गोष्ट एकच, पण तिची दोन टोकं दोन शहरांत. मुक्काम सुवॉनमध्येच करा, आणि नकाशात ‘सुवॉन ह्वासॉंग’ असं पूर्ण नाव टाका. नकाशाही नेव्हर किंवा काकाओचा घ्या. गुगलच्या नकाशावर तिथे पायी वाट नीट सापडत नाही.

आम्ही चढाई सुरू केली ती पालदालमुनपासून, म्हणजे दक्षिण दरवाजापासून. बस तिथेच सोडते, त्यामुळे बरेच जण हेच करतात. हा दरवाजा भर चौकात एकटा उभा आहे. दोन्ही बाजूंचा तट तुटलेला, भोवती वाहनांचा वेढा. पश्चिमेकडे तट पुन्हा सुरू होतो तो थेट पालदालसान टेकडीच्या दगडी पायऱ्यांनी. पायऱ्या खड्या, ऊन डोक्यावर, हवेत आपल्या कोकणासारखा दमटपणा. अर्ध्या वाटेत आई थांबली. ‘जरा टेकते गं,’ म्हणाली आणि तटाला पाठ लावून बसली. चेहरा लाल झालेला, हात मात्र गार. पाण्याची बाटली तिला धरता येईना.

खालून एक कोरियन आजी चढत येत होत्या. त्यांना माझी भाषा येत नव्हती, मला त्यांची. त्यांनी पिशवीतून छोटा टॉवेल काढला, बाटलीतल्या पाण्याने भिजवला आणि आईच्या मानेवर ठेवला. दुसऱ्या बाटलीत भाजलेल्या सातूचा गार चहा होता, तो घोट घोट पाजला. मग कागदी पंख्याने वारा घालत वीस मिनिटं आमच्याजवळ बसून राहिल्या. आई सावरली. तिचं बोलणं अडखळलं असतं किंवा घाम यायचा थांबला असता, तर एक मिनिटही न दवडता 119ला फोन करायला हवा होता, हे मला नंतर कळलं. तो नंबर लिहून ठेवा. पर्यटकांसाठी 1330 आहे, तिथे इंग्रजीतून बोलता येतं.

संध्याकाळी खोलीवर वाचताना एक गोष्ट सापडली आणि मी ती आईला वाचून दाखवली. तट बांधला जात असताना, 1794च्या कडक उन्हाळ्यात, जॉंगजोने मजुरांसाठी उन्हाच्या त्रासावरच्या औषधी गोळ्या पाठवल्या होत्या. या बांधकामाचा संपूर्ण तपशील ‘उइग्वे’ या दरबारी नोंदग्रंथात छापलेला आहे: कामगारांची नावं, मजुरी, लागलेलं सामान, जॉंग याग्योंग या विद्वानाने जड दगड उचलण्यासाठी आखलेल्या कप्पीच्या यंत्राचं चित्रसुद्धा. कोरियन युद्धात पडझड झालेला तट 1970च्या दशकात पुन्हा उभा राहिला तो याच ग्रंथाच्या आधाराने, आणि 1997मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला. आई म्हणाली, ‘आपल्या गडांवरच्या गवंड्यांची नावं कुठे लिहिली असतील का गं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता जाल तर पूर्वेकडून सुरुवात करा. चांगन्योंगमुन दरवाजाशी सकाळी आठपर्यंत पोचा. तिथून तट बऱ्यापैकी सपाट चालतो. वाटेत विटांचा पोकळ टेहळणी बुरूज लागतो, मग तळ्याकाठचा बांगह्वासुर्यूजॉंग मंडप. इथे घाई करू नका. मंडपाखाली विलो झुकलेले आहेत, आणि शेजारीच ह्वाहॉंगमुनच्या सात कमानींखालून ओढा शहरात शिरतो. पुढे जांगआनमुन हा उत्तर दरवाजा आला की गुडघे दुखणाऱ्यांनी समाधानाने खाली उतरावं. पूर्ण फेरी पावणेसहा किलोमीटरची आहे. टेकडीवरचं सॉजांगदे हे सेनापतीचं ठाणं ऊन उतरल्यावर करा. दिवे लागलेला तट वरून फार सुंदर दिसतो.

सोलहून येताना 1 नंबरची मेट्रो धरा, पण गुरोनंतर तिला दोन फाटे फुटतात आणि एक इंचॉनला जातो, तेव्हा गाडीवरची पाटी वाचूनच चढा. सुवॉनची प्रसिद्ध गाल्बी म्हणजे गाईच्या मांसाच्या फासळ्या. न खाणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावं. किमचीतही बहुधा मासळीचा अर्क असतो. योंगिनचं लोकग्राम पाहायचं असेल तर त्याला वेगळा दिवस द्या.

समाधीच्या बाबतीत मी आणखी एक चूक केली. दुसऱ्या दिवशी सोमवार होता आणि जोसोन राजांच्या समाध्या सोमवारी बंद असतात. फाटकावरून परत फिरलो. आईसाठी परतीचं तिकीट एक दिवस पुढे ढकललं आणि मंगळवारी उघडताच आत गेलो.

उंच पाइनच्या झाडांमधून मातीची रुंद वाट जाते. पहिल्यांदा युंगनुंग लागते: हिरवळीचा गोल उंचवटा, खाली दगडी नक्षी. सादो तिथे पत्नीसह आहेत. ती दोघं एकाच वर्षी, 1735 साली, जन्मलेली. जॉंगजोच्या आईची साठी आली तेव्हा, 1795मध्ये, तो तिला मोठ्या लवाजम्यासह सोलहून सुवॉनला घेऊन आला, या समाधीवर नेलं आणि हेंगगुंग वाड्यात तिचा सोहळा केला. वडील असते तर त्यांचीही तेव्हा साठीच होती. पलीकडच्या गॉल्लुंगमध्ये आता तो स्वतः आहे.

आई चपला काढून वाटेच्या कडेला उभी राहिली. तिथे तशी काही रीत नाही. बराच वेळ ती त्या उंचवट्याकडे बघत होती. मग माझा हात धरून म्हणाली, ‘चल, आता त्याच्याकडे जाऊ,’ आणि गॉल्लुंगच्या वाटेला लागली.