तिसऱ्या फेरीत मन का खचतं?

प्रश्न : पोलीस भरतीसाठी ओरोसला १६०० मीटरचा सराव करतो. तिसऱ्या फेरीत दम तुटतो आणि मी थांबतो. काय करू?
– एक वाचक, सिंधुदुर्गनगरी

उत्तर : चारशे मीटरच्या चार फेऱ्यांत तिसरी बहुतेकांना छळते, सुरुवातीचा जोम ओसरलेला असतो आणि शेवट अजून दूर असतो. तिथे अनेकदा पाय हरण्याआधी मन हार मानतं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका प्रयोगात, दोन आठवडे स्वतःला धीर देणाऱ्या वाक्यांचा सराव केलेल्यांनी दमून थांबेपर्यंत सायकल सुमारे १८ टक्के जास्त वेळ चालवली. श्रमही कमी जाणवले. सायकल वेगळी, धावणं वेगळं, हा आक्षेप रास्त. पण ‘आता पुरे’ ही भावना दोन्हीकडे तीच. म्हणून ‘पुढच्या वळणापर्यंत’ असं एखादं वाक्य आजच ठरवा आणि रोजच्या सरावात तिसऱ्या फेरीला तेच म्हणा.

मनाच्या जोरावर शरीराकडे दुर्लक्ष होईल, ही शंकाही खोटी नाही. कोकणच्या दमट हवेत घाम लवकर सुकत नाही, अंग तापतं. पहिली फेरी हात राखूनच धावा. छातीत कळ किंवा चक्कर आली, तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.