दोन सेकंदांचे अंतर

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• दोन वाहनांमधील अंतर सेकंदांत का मोजावे, हे सांगता येईल;
• अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल या यंत्रणेचे कार्य स्पष्ट करता येईल;
• या यंत्रणेच्या मर्यादा ओळखता येतील.

मूळ पाठ

पुढील वाहन अचानक मंदावले किंवा थांबले, तरी टक्कर होणार नाही इतके पुरेसे अंतर मागील चालकाने राखावे, असा वाहतुकीचा नियम आहे. परंतु ‘पुरेसे’ म्हणजे किती? सर्व वेगांना लागू पडेल असा मीटरचा एकच आकडा देता येत नाही. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात १० मीटर जाते. ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणारी २५ मीटर. धोका दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारणपणे एक सेकंद तरी जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच एवढे अंतर संपलेले असते.

म्हणून हे अंतर सेकंदांत मोजतात. पुढील वाहन रस्त्याकडेच्या एखाद्या खांबाजवळून गेले की सेकंद मोजू लागावे. आपली मोटार त्या खांबाशी दोन सेकंदांच्या आत पोहोचली, तर अंतर कमी आहे असे समजावे. ओल्या रस्त्यावर हा काळ दुप्पट धरावा.

मात्र लांबच्या प्रवासात चालकाला सतत असे मोजत राहणे शक्य नसते. हे काम यंत्राकडे सोपविण्यापूर्वी वेग राखण्याचे काम यंत्राकडे गेले होते. बालपणी दृष्टी गमावलेले अमेरिकन अभियंते राल्फ टीटर यांना १९५० मध्ये वेग स्थिर ठेवणाऱ्या साधनाचे पेटंट मिळाले. त्यातूनच क्रूझ कंट्रोल आले. परंतु त्याला पुढचे वाहन ‘दिसत’ नसे. १९९५ मध्ये जपानमधील मित्सुबिशी कंपनीने लेसर किरणांनी अंतर मोजून वेग कमी करणारी मोटार आणली. मात्र ती यंत्रणा ब्रेक लावत नसे. १९९९ मध्ये जर्मनीतील मर्सिडीज-बेंझ कंपनीने रडारचा उपयोग करून गरजेप्रमाणे ब्रेकही लावणारी यंत्रणा दिली. आता भारतातील काही मोटारींतही अशी सोय असते.

मोटारीच्या पुढील भागातील रडार रेडिओ लहरी सोडते. त्या पुढील वाहनावर आपटून परत येतात. वाहन ६० मीटरवर असेल, तर हा जाण्यायेण्याचा प्रवास एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या निम्म्याहूनही कमी वेळात होतो. या वेळेवरून अंतर समजते. परतलेल्या लहरींच्या वारंवारतेत पडलेल्या फरकावरून पुढील वाहन जवळ येत आहे की दूर जात आहे, हे कळते. यास डॉप्लर परिणाम म्हणतात.

समजा, चालकाने ताशी १०० किलोमीटर वेग आणि दोन सेकंदांचे अंतर ठरवून दिले. पुढे ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारा ट्रक आला, की संगणक इंजिनाची शक्ती कमी करतो, गरज पडल्यास ब्रेक लावतो आणि ट्रकच्या मागे ४० मीटर अंतर राखतो. ट्रकचा वेग ताशी ९० झाला, तर हे अंतर ५० मीटर होते. ट्रक बाजूला गेला, की मोटार पुन्हा ताशी १०० किलोमीटरचा वेग घेते. मीटर बदलतात, सेकंद मात्र तेच राहतात.

राखलेल्या जागेत दुसरे वाहन शिरले, तर यंत्रणा वेग कमी करून पुन्हा तेवढे अंतर निर्माण करते. अशा वेळी आपण मागे पडलो असे चालकाला वाटते. प्रत्यक्षात अशा प्रत्येक वाहनामागे फार तर दोनेक सेकंदांचा उशीर होतो.

तथापि, ही यंत्रणा मर्यादित जोरानेच ब्रेक लावते. वळणावर पुढील वाहन रडारच्या टप्प्याबाहेर जाऊ शकते. रस्त्यात बंद पडलेले वाहन किंवा कडेने जाणारी दुचाकी तिच्या ध्यानात येईलच असे नाही. मुसळधार पावसात किंवा रडारवर चिखल बसल्यास ती काम थांबवू शकते. नेमक्या अशाच क्षणी पाय सैल सोडून बसलेल्या चालकाने तत्काळ ब्रेक लावावा लागतो. यंत्र चालकाचे श्रम कमी करते. त्याची जबाबदारी कमी करत नाही. अपघात झाल्यास कायदा जाब विचारतो तो चालकालाच.

शब्दार्थ

वारंवारता – एका सेकंदात होणाऱ्या कंपनांची संख्या
टप्पा – पोहोचण्याची कक्षा
जाब विचारणे – उत्तर मागणे

स्वाध्याय

१. ताशी ५४ किलोमीटर वेगाने जाताना दोन सेकंदांचे अंतर किती मीटर होईल?
२. टीटर यांच्या साधनात व १९९९ च्या यंत्रणेत कोणता फरक आहे?
३. ‘यंत्र चालकाचे श्रम कमी करते, त्याची जबाबदारी कमी करत नाही.’ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. बसमधून प्रवास करताना खांबाच्या साहाय्याने पुढील वाहनाचे अंतर सेकंदांत मोजा व आपले निरीक्षण पाच ओळींत लिहा.