वारा येतो कोठून?

पांढुर्णा-सौसर भागातील आम्हा संत्रा पिकविणाऱ्यांचे सारे वर्ष वाऱ्याच्या हाती असते. हा वारा येतो कोठून? त्याचे मूळ सूर्याच्या उष्णतेत आहे. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा अधिक तापते. तिच्यावरील हवा हलकी होऊन वर चढते, दाब घटतो आणि समुद्रावरील दमट हवा तिकडे धाव घेते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात ती उजवीकडे वळते. म्हणून पावसाळी वारा नैर्ऋत्येचा. त्याच पावसावर आमचा मृग बहार फुटतो.

हिवाळ्याच्या अखेरीस गोष्ट निराळी. भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांची व बंगालच्या उपसागराकडील दमट हवेची गाठ पडली की ढग फार उंच चढतात. त्यांतील पाणी गोठून गारा होतात. नेमक्या त्याच वेळी झाडावर मृगाचे पिकलेले फळ आणि आंबियाचा नवा फुलोरा असतो.

गार कोणाच्या कोपाने पडत नाही. तिला कारण आहे. कारण कळते म्हणूनच १८७५ साली स्थापन झालेले भारताचे हवामान खाते आगाऊ सूचना देऊ शकते. फुलोरा वाचविणे आपल्या हाती नाही. पण सूचना वेळेवर ऐकली, तर तयार फळ तोडून घेता येते.