अनेसिम आणि शरणपूरचे मुक्त दास

पाठ : फिलेमोनास पत्र

पौलाचे हे पत्र इतके लहान आहे की, पुष्कळ उपदेशक ते एकदा वाचून पुढे जातात. अनेसिम हा फिलेमोनाचा दास. बंदीत असलेल्या पौलाच्या सहवासात त्याने विश्वास धरला, आणि पौलाने त्यास धन्याकडे परत पाठविले. मात्र त्यास दास न मानता भाऊ मानावे, अशी विनंती केली. येथे शिकणारा विचारतो, सुटलेला मनुष्य परत का जातो?

मुरूड व श्रीवर्धनकडील वाचकांस सिद्दी हे नाव परके नाही. जंजिऱ्याचे हबशी राज्य १९४८ पर्यंत टिकले. ह्या लोकांपैकी कित्येकांचे पूर्वज आफ्रिकेतून दास म्हणून आणिले गेले होते. एकोणिसाव्या शतकातही ह्याच समुद्रावर माणसांनी भरलेली गलबते फिरत. इंग्रजी आरमार ती पकडी, आणि सोडविलेल्यांपैकी अनेकांस मुंबईस उतरविले जाई. त्यांतील पुष्कळ मुले नाशिकजवळ शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रमात वाढली. तेथे ती लिहावयास, वाचावयास व हातचे धंदे शिकली. त्यांस इंग्रजी नावे देण्यात आली. आईबापांनी ठेविलेली नावे राखिली असती तर बरे झाले असते, असे मला वाटते.

त्यांपैकी एक याकोब वेनराइट. १८७२ साली तो शरणपूरच्या इतर तरुणांबरोबर डॉ. लिव्हिंग्स्टन ह्यांच्या मदतीस आफ्रिकेत गेला. १ मे १८७३ रोजी चितांबोच्या गावी डॉक्टरांनी देह ठेविला. सोबत्यांनी त्यांचे हृदय एका झाडाखाली पुरले. याकोबाने प्रेतसंस्काराची प्रार्थना वाचली आणि झाडावर अक्षरे कोरली. मग मीठ लावून उन्हात वाळविलेला देह कापडात व सालीत गुंडाळून ते किनाऱ्याकडे निघाले. वाट हजार मैलांहून अधिक. प्रेत जवळ आहे असे कळले की गावे भीत. मध्यंतरी भेटलेल्या कॅमेरन नामक इंग्रज अधिकाऱ्याने, देह येथेच पुरावा, असे सुचविले. त्यांनी ते मानिले नाही. पाठीवर आता कोणाचा चाबूक नव्हता, पायांत बेडी नव्हती. ओझे टाकून कोणीही रानात निघून जाऊ शकला असता. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयो बंदरास पोहोचले.

पौलासही फिलेमोनास आज्ञा करिता आली असती. परंतु जे चांगले व्हावयाचे ते बळजबरीने नव्हे, आपखुषीने व्हावे, असे तो लिहितो.

१८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर मंदिरात दफन झाले, तेव्हा याकोब हजर होता. परंतु ह्या वाटचालीचे पुढारी सुसी व चुमा होते, आणि त्यांस दफनाच्या वेळेस आणण्याची तजवीज कोणी केली नाही! चुमाचा बाप्तिस्मा आपल्या मुंबईत डॉ. जॉन विल्सन ह्यांच्या हातून झाला होता. दोघे इंग्लंडास पोहोचले ते दफनानंतर. पत्रातील अवघड भाग हाच होय. अनेसिम तर निघाला. दार उघडणे फिलेमोनाच्या हाती होते.

१८७५ साली मोंबासाजवळ फ्रीअरटाऊन ही मुक्त दासांची वस्ती वसली. शरणपूरचे कित्येक लोक तेथे शिक्षक व कारागीर झाले. शरणपुरातच वाढलेले विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर ह्यांस १८८५ साली बिशप हॅनिंग्टन ह्यांनी दीक्षा दिली.

वर्गात विचारण्यासाठी : अनेसिमाचे देणे पौल कोणत्या ओवीत आपल्या अंगावर घेतो? आपल्या मंडळीत कोणी दाराबाहेर उभा आहे काय?