घरची खाट

क्षयरोग फार प्राचीन आहे. आयुर्वेदाने त्यास 'राजयक्ष्मा' म्हटले. परंतु नावात राजा असला तरी या रोगाचा खरा संचार कोंदट खोल्यांतून व अर्धपोटी माणसांतूनच होत आला आहे. रोग गरिबाच्या घरी आणि उपचार मात्र दूरच्या आरोग्यधामात, अशी स्थिती अनेक वर्षे होती. मोकळी हवा, सकस अन्न व दीर्घ विश्रांती ही त्या काळची चिकित्सा. ज्याचे हातावर पोट, त्याने महिनेच्या महिने विश्रांती घ्यावी कशी? भोर समितीच्या १९४६ च्या अहवालातील आकडे बोलके आहेत. देशात क्षयाचे रुग्ण सुमारे २५ लक्ष, दरवर्षी मृत्यू सुमारे ५ लक्ष आणि क्षयरुग्णांसाठी खाटा अवघ्या ६ हजारांच्या आसपास!

पुढे क्षयावर गुणकारी औषधे निघाली. मग प्रश्न उभा राहिला, की ही औषधे रुग्णाला घरीच दिली तर? झोपडीत राहणारा, डाळभातावर जगणारा मनुष्य केवळ गोळ्यांनी बरा होईल, यावर अनेक जाणत्या वैद्यांचा विश्वास बसेना. या शंकेचा निर्णय वादाने नव्हे, प्रयोगाने झाला. १९५६ साली मद्रास शहरात एक केंद्र स्थापन झाले. तेथे १९३ रुग्णांचे, चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणे, दोन गट पाडण्यात आले. एक गट आरोग्यधामात गेला, दुसरा घरीच राहिला. औषधे दोघांस एकच. घरच्या रुग्णांचे अन्न निकृष्ट होते, घरांत गर्दी होती व त्यांना विश्रांतीही कमीच मिळे. केंद्राचे कर्मचारी त्यांच्या घरी अवचित जाऊन गोळ्या मोजीत. वर्षअखेरीस पाहतात तो दोन्ही गटांतील बहुतेक रुग्ण सुधारलेले, फरक किरकोळ. घरच्या माणसांनाही त्यामुळे अधिक बाधा झाली नाही. कारण त्यांना जो संसर्ग व्हावयाचा, तो बहुतांशी निदानापूर्वीच झालेला असतो.

१९५९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला. जिल्ह्याजिल्ह्यांतील सामान्य दवाखान्यांतून निदान व मोफत औषध मिळावे, असे त्याचे धोरण होते. खाट मिळण्याची वाट पाहणे संपले. तथापि धोरण कागदावर उतरले म्हणजे औषध हाती पडतेच असे नाही. कित्येक रुग्ण बरे वाटू लागताच उपचार सोडून देत, आणि १९९७ पासून कार्यक्रमाची नव्याने आखणी करावी लागली.

मद्रासच्या प्रयोगाचा एक विपरीत अर्थही काढला गेला. औषध असल्यास साध्या अन्नावरही रोगी बरा होतो, एवढेच त्याने दाखविले होते. अन्नाला महत्त्व नाही, असे मुळीच नव्हे. झारखंडात झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांना तर सर्वत्र शिधा दिलाच. परंतु काही भागांत घरातील इतर माणसांनाही दरमहा तांदूळ व डाळ दिली. त्या कुटुंबांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. शासन २०१८ पासून उपचारकाळात रुग्णास आहारासाठी दरमहा ५०० रुपये देऊ लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १,००० रुपये झाली. ती रुग्णाच्या नावाने मिळते. शिजते मात्र साऱ्या घराच्या चुलीवर.