घराच्या पायाशी साचणारे पाणी

पावसाळा लागून पंधरा दिवस झाले की खेड्यापाड्यांतून एकच तक्रार ऐकू येऊ लागते. भिंतींस ओल चढली, लोणा लागला, जोत्यापाशी पाणी तुंबले, कोपऱ्यास चीर गेली. मग गवंड्यास बोलावणे जाते, आणि तो भिंतीच्या आतील अंगास सिमेंटाचा जाड गिलावा चढवून निघून जातो. पुढल्या वर्षी ओल त्या गिलाव्याच्याही वर हातभर उंचीवर दिसू लागते. ह्याचे कारण कठीण नाही. पायातून भिंतीने शोषलेले पाणी पूर्वी मातीच्या वा चुन्याच्या गिलाव्यातून वाळून जात असे. ती वाट बुजली, म्हणून ते वर चढले. दुखणे पायास आणि लेप छातीस, असा हा प्रकार होय. यास्तव ह्या पाठात आम्ही भिंतीचा विचार बाजूस ठेवून पाण्याचाच विचार करणार आहो.

हा विषय केवळ भिंतीच्या शोभेचा आहे असे कोणी समजू नये. मातीची भिंत कोरडी असता मोठा भार वाहते. तीच मुळाशी भिजली म्हणजे तिचा जोर जातो, आणि ती बहुधा झडीच्या पावसात, घरची माणसे निजली असता, ढासळते. भिंतीस पोट आले असेल किंवा तळाशी माती सुटू लागली असेल, तर त्या खोलीत कोणी निजू नये. दुरुस्तीचा विचार त्यानंतर.

पहिले काम खणण्याचे नव्हे, पाहण्याचे आहे. पाऊस जोरात पडत असता डोक्यावर घोंगडी किंवा इरले घेऊन घराभोवती एक फेरी मारावी. पाणी कोठून येते, कोठे थांबते आणि त्यास जावयाचे झाल्यास सखल वाट कोणती, ह्या तीन गोष्टी त्या वेळी जशा दिसतात तशा कोरड्या दिवशी शहाण्या गवंड्यासही दिसत नाहीत. जेथे पाणी थांबते तेथे खुंटी ठोकून ठेवावी.

पाण्याचा मोठा वाटा बहुधा आपल्याच छपरावरचा असतो. तीस फूट लांब व वीस फूट रुंद अशा छपरावर दोन इंच पाऊस पडला, तर १०० घनफूट, म्हणजे सुमारे २,८०० लिटर पाणी खाली येते. पंधरा लिटरांची घागर धरली तर ह्या १८५ हून अधिक घागरी झाल्या. एवढ्या घागरी कोणी आपल्या भिंतीच्या मुळाशी आणून ओतू लागला, तर आपण त्याचा हात धरू. पागोळ्या तेच काम करितात आणि आपण ओट्यावर बसून पाहत राहतो. वळचणीस पत्र्याची पन्हळ लावावी, तीस एका टोकाकडे उतार द्यावा, आणि तेथून नळीने पाणी भिंतीपासून निदान सहा फूट दूर सोडावे. पुष्कळ ठिकाणी ह्या एकाच उपायाने निम्मे दुखणे हटते. मोरीचे पाणीही विसरू नये. पाऊस चार महिने पडतो, मोरी बारा महिने वाहते.

त्यानंतर अंगणाचा उतार. घरापासून पहिल्या दहा फुटांत जमीन निदान सहा इंच उतरलेली असावी. डोळ्यांनी उताराची परीक्षा करू नये, डोळा फसतो. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी पाण्याने भरून तिचे एक टोक जोत्याशी व दुसरे अंगणाच्या कडेस धरिले, म्हणजे दोन्ही टोकांस पाणी एकाच पातळीवर उभे राहते. त्या पातळीपासून जमिनीपर्यंत दोन्हीकडे मोजले की खरा उतार कळतो. जुन्या घरांत एक गोष्ट हमखास आढळते. दरसाल सारवण होते, माती पसरली जाते, उकिरड्याची कड वाढते, आणि आजोबांच्या काळी दोन फूट उंच असलेले जोते नातवाच्या काळी वीतभरच उरते. घर खचलेले नसते, अंगण चढलेले असते. अशा ठिकाणी भर घालण्यापेक्षा चढलेली माती खरवडून काढावी. जोते जितके उघडे राहील तितके बरे. भर घालणे भागच असेल तर रेती किंवा विटांचे तुकडे भिंतीलगत टाकू नयेत, कारण त्यांतून पाणी सरळ पायाकडे उतरते. चिकणमाती मिसळलेला मुरूम थराथराने टाकून धुमसाने चोपावा.

आता जमिनीच्या जातीकडे वळू, कारण येथेच पुष्कळांचा पैसा वाया जातो. देशावरील काळी माती पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. घराच्या एका कोपऱ्यास पन्हळीचे पाणी मिळते व दुसरा कोपरा कोरडा राहतो, तेव्हा एक कोपरा उचलला जातो आणि दुसरा जागीच राहतो. खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी जाणारी चीर पुष्कळदा ह्या ओढाताणीची खूण असते. तेव्हा काळ्या मातीत पाणी दूर नेणे एवढेच पुरे नाही. पायाजवळची ओल चोहोकडे सारखी राहिली पाहिजे. ह्यासाठी घराभोवती तीन ते चार फूट रुंदीची फरशी किंवा पक्का पट्टा बाहेर उतार देऊन करावा, व भिंत आणि पट्टा ह्यांमधील सांधा नीट बुजवावा. भिंतीलगत केळी लावणे व त्यांस रोज पाणी घालणे ही हौस काळ्या रानातील घरास परवडणारी नाही. नवे घर बांधणाऱ्याने मात्र काळी माती ओलांडून मुरमापर्यंत पाया न्यावा.

शोषखड्ड्याविषयीही हेच. मुरमाड जमिनीत तो उत्तम काम देतो, काळ्या मातीत तो लवकरच डबके होतो. परीक्षा सोपी आहे. हातभर रुंद व हातभर खोल खड्डा खणून पाण्याने भरावा व ते मुरू द्यावे. मग पुन्हा भरावा. दुसऱ्या वेळचे पाणी काही तासांत आटले तर जागा योग्य. दुसऱ्या दिवशीही ते दिसत असेल, तर तेथे शोषखड्डा करू नये, पाणी चरानेच ओढ्याकडे न्यावे. जागा योग्य असली तरी खड्डा विहिरीपासून निदान पन्नास फूट व घराच्या पायापासून निदान दहा फूट दूर असावा.

कोकणातील बांधवांची अडचण निराळी आहे. तेथे डोंगर उतरता कापून घर बसविलेले असते आणि श्रावणापर्यंत मागच्या दरडीतून झरे फुटू लागतात. पूर्वी दरडीस कोरड्या दगडांचा गडगा घालीत. त्याच्या फटींतून पाणी मोकळे वाहून जाई. आता त्याच्या जागी सिमेंटाची गुळगुळीत भिंत उभी राहते. ती मजबूत दिसते, पण पाण्यास वाट देत नाही. दोन मीटर उंचीच्या भिंतीमागे पाणी काठोकाठ भरले, तर लांबीच्या दर मीटरास केवळ पाण्याचाच रेटा सुमारे २,००० किलो बसतो. मातीचा रेटा त्याहून निराळा. सन २०१९ च्या पावसाळ्यात २९ जून रोजी पुण्याच्या कोंढवा भागात आणि २ जुलै रोजी मुंबईत मालाड येथे जोराच्या पावसात भिंती कोसळून खालच्या झोपड्यांवर पडल्या व पुष्कळ माणसे प्राणांस मुकली. म्हणून दरडीची भिंत बांधताना दर चार-पाच फुटांवर तीन इंची नळीचे तुकडे बाहेर उतार देऊन बसवावे, त्यांच्यामागे दगडगोट्यांची भर द्यावी, आणि भिंतीच्या पायथ्याशी उघडा चर ठेवावा.

जेथे पाणी जमिनीखालून येते तेथे खडीचा चर उपयोगी पडतो. शहरातील कंत्राटदार त्यास फ्रेंच ड्रेन म्हणतात. त्याचा फ्रान्स देशाशी संबंध नाही. अमेरिकेतील हेन्री फ्लॅग फ्रेंच ह्या गृहस्थांनी १८५९ साली शेताच्या निचऱ्यावर ग्रंथ लिहिला, त्यांचे हे नाव. पाणी ज्या बाजूने येते त्या बाजूस, भिंतीपासून चार-पाच फूट सोडून, एक फूट रुंद व दोन फूट खोल चर खणावा. तळास दर शंभर फुटांस एक फूट उतार द्यावा, गाळणीचे कापड पसरून थोडी खडी घालावी, तीवर भोके पाडलेली चार इंची नळी भोके खाली करून ठेवावी, आणि वर खडी भरून कापड मिटावे. भोके खाली का, असे पुष्कळ जण विचारतात. चरातले पाणी तळापासून वर चढते. भोके खाली असली की ते चढताच नळीत शिरते. हे काम उन्हाळ्यात करावे. पायाच्या तळाहून खोल चर भिंतीलगत कदापि खणू नये, नाहीतर पाण्याऐवजी आपणच भिंत पाडू.

बाजाररस्त्यावरील दुकानदारांचे गाऱ्हाणे असे की, रस्ता दर डांबरीकरणास चढतो आणि उंबरठा खाली राहतो. जुना थर खरवडल्याशिवाय नवा टाकू नये, हे त्यांनी ग्रामसभेत अवश्य मांडावे. तोवर दारासमोर लोखंडी जाळीचा आडवा चर करून तो गटारास जोडावा. पण गटारावर पक्की लादी टाकून दुकान पुढे ओढणाऱ्याने गाळ काढण्याची वाट स्वतःच बंद केली आहे. पोती भिजल्यावर त्याने ग्रामपंचायतीस दोष द्यावा, हे आम्हांस न्यायाचे वाटत नाही.

शेवटी, पाणी सोडावयाचे कोठे? ह्यावरून भाऊबंदांत तंटे होतात. १८८२ च्या ईझमेंट्स ॲक्टाच्या सातव्या कलमातील उदाहरणांत असे आहे की, वरच्या जमिनीवर पडलेले पाणी आपल्या स्वाभाविक वाटेने खालच्या जमिनीवर वाहू द्यावे, हा वरच्या मालकाचा हक्क होय. तेव्हा खालच्याने बांध घालून ते अडवू नये. परंतु हा हक्क स्वाभाविक वाहण्यापुरता आहे. छपराचे पाणी नळीत गोळा करून शेजाऱ्याच्या भिंतीवर सोडणे त्यात येत नाही. चर खणण्यापूर्वी शेजाऱ्यास जागेवर बोलावून खुंट्या दाखवाव्या. दोघांच्या हद्दीवरून एकच चर नेला तर खर्चही निम्मा येतो.

मृगाच्या आधी पन्हळीतला पाला व चरांच्या तोंडचा गाळ काढून टाकावा, आणि वरच्या टोकास दोन घागरी पाणी ओतून ते खालच्या तोंडातून बाहेर पडते की नाही, हे पाहून घ्यावे.